सतरा नंबरची पट्टी

पुंडलिक,

तुझ्या घरचं कार्ड मी ऑफिसात, पक्षकारांसमोरच वाचलं. कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं की माणूस आधी नाव शोधतो. तुझं नाव दिसलं आणि मला राग आला. रडू फार मागाहून आलं. आधी आला तो रागच, आणि तो इतका की समोर बसलेल्या म्हाताऱ्यावर मी विनाकारण खेकसलो. आठ वर्षं मी तुझ्यासाठी एक वाक्य सांभाळून ठेवलं होतं. अमरावतीहून अकोल्याला गाडीने जायला असा कितीसा वेळ लागतो? तरी ते वाक्य मी तिथवर नेऊ शकलो नाही, आणि तू ते न ऐकताच निघून गेलास. तुला घाई कसली होती रे? मशीनवर बसून केलीस तेवढी पुरे नव्हती?

तुझ्यावर कोणी लिहिणार नाही हे मला ठाऊक आहे. वकील गेला की बाररूममध्ये फोटो लागतो. टाइपिस्ट गेला की त्याची खुर्ची दुसरा ओढून घेतो. म्हणून मी लिहितो आहे, आणि तुझ्या जन्मगावापासून सुरुवात करणार नाही. मला जे लिहायचं आहे ते फक्त तुला आणि मला माहीत होतं. तू गेल्यावर ते एकट्या मला माहीत उरलं, आणि ते मला सहन झालं नाही.

तू आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात आलास तेव्हा तुझ्या सायकलच्या कॅरिअरला सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार जुड्या बांधलेल्या होत्या. सकाळी बाजारात माल उतरवून तू थेट कामावर यायचास. साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले होते, "माळ्याचा पोरगा मराठी मशीन चालवतो म्हणे. पाहू." मी त्यांचा कारकून. कच्चे मसुदे मी लिहायचे आणि पक्के तू टाइप करायचेस. मी तुला पहिल्या दिवशी 'तू' म्हणालो. तू मला 'वसंतराव, तुमी' म्हणालास. आपण दोघं एका वयाचे, पण ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. आज हे लिहिताना तुला 'तुम्ही' म्हणावं असं मनात आलं होतं. मेलेल्या माणसाला मान देणं फार स्वस्त पडतं, म्हणून राहू दिलं.

खुणांची वही तुझ्या डोक्यातून निघाली. हे मी आज लेखी देतो, कारण नंतर साहेब ती आपलीच कल्पना म्हणून सांगत, आणि मी मान डोलवत असे.

एका दुपारी माझा मसुदा तू टेबलावर आपटलास. "वसंतराव, रोज रोज तेच काहून लिहून राहिले तुमी? 'अर्जदार नम्रतापूर्वक निवेदन करतो की', 'सदर दावा या कोर्टाच्या अधिकारक्षेत्रात येतो'. तुमचा हात दुखत नाई काय?"

"मग काय करू? कोर्टाला नम्रता लागते."

"कोर्टाले लागते, मले नाई लागत. बाजारात पाहा. अडत्या रुमालाखाली हात घालते, एक बोट दाबते, की अख्खा सौदा समजते. तोंडानं एक शब्द नाई. तुमी मले बोट दाबा. सौदा मी टाइप करतो."

आठ दिवसांत वही तयार झाली. नेहमी लागणारा प्रत्येक मजकूर एकेका पानावर, आणि वर त्याचा नंबर. मी मसुद्यात फक्त 'एक' लिहायचं की तू अडीच ओळींची नम्रता टाइप करायचास. 'नऊ' लिहिलं की अधिकारक्षेत्राचा अख्खा परिच्छेद. महिन्याभरात तुला वही उघडावी लागेना. आकडा दिसला की तुझी बोटं आपोआप सुटायची. तू खिडकीतून बाहेर बघत असायचास आणि कागदावर 'अबाधित' आणि 'उपरोक्त' उमटत जायचं. मी एकदा विचारलं, "डोकं कुठं असतं रे तुझं तेव्हा?" तू म्हणालास, "वांग्याच्या वाफ्यात."

वहीचा नियमही तूच केलास. ज्याने मजकूर बदलला त्याने समासात सही करायची आणि दुसऱ्याला तोंडाने सांगायचं. "नाई तं माही बोटं जुनंच वाजवतील," तू म्हणालास.

आपलं भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून. टाइप झालेला कागद तुला एकदा वाचून पाहायचा असे आणि मी वाचू देत नसे. "वाचत बसलास की वेग जातो. वाचायला मी आहे, साहेब आहेत. तू बोटांना काम करू दे." तू कुरकुरायचास, "वाचल्याबिगर माल गाडीत टाकू नये, वसंतराव. खालच्या थराले सडेल निघते." मी हसायचो. घड्याळ समोर ठेवून तुझा वेग मोजायचो, साहेबांना मोठ्याने सांगायचो. तुला वाचायचं थांबवलं ते मी. हे भांडण मी जिंकलो होतो, पुंडलिक. त्या जिंकण्याची मला आज शिसारी येते.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका बड्या पक्षकाराच्या चार तडजोडी एकदम आल्या. आपल्या वहीत तडजोडीचं शेवटचं वाक्य सतरा नंबरला होतं: 'या तडजोडीव्यतिरिक्त वादीचे इतर सर्व हक्क कायम व अबाधित राहतील.' बड्या पक्षकाराला नेमकं उलट हवं होतं. साहेबांनी मला नवं वाक्य सांगितलं: 'या तडजोडीनंतर वादीचे इतर कोणतेही हक्क शिल्लक राहणार नाहीत.' याला नवा नंबर द्यायला हवा होता. नवं पान आखायचं, नंबर टाकायचा, पाच मिनिटांचं काम. मी आळस केला. चार दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून एका पट्टीवर ते वाक्य लिहिलं आणि बाभळीचा डिंक लावून सतरा नंबरवर चिकटवलं. तुला म्हणालो, "सतरा बदललाय." समासात सही केली नाही. चार दिवसांनी पट्टी काढायची होती. विसरलो.

तू मात्र इमानदार. वहीत आहे तेच खरं, म्हणून बोटांना नवं सतरा पाठ करवून ठेवलंस.

आणि मग तुझ्याच यमुनाकाकूचा कागद आला. तुझ्या धाकट्या काकांची विधवा. दिराने, म्हणजे तुझ्याच दुसऱ्या काकाने, तिच्या वावराचा धुरा, शेताचा बांध, दोन हात सरकवला होता. दावा चालला, तडजोडही झाली, धुरा जुन्या जागी आला. बाई इतकी खूश झाली की ऑफिसात सगळ्यांना पेरू वाटत फिरली. तो मसुदा मी लिहिला आणि शेवटी सवयीने आकडा टाकला, सतरा. तू खिडकीबाहेर बघत टाइप केलंस. अंगठा घेण्यापूर्वी कागद वाचून दाखवायचा असतो. ते काम माझं. काकूने विचारलंही होतं, "काय लिवलं हाय, बावा?" मी म्हणालो, "ठरलं तेच आहे, काकू. इथं अंगठा लावा." तिने लावला. साहेबांनी सही ठोकली. कोर्टात कागद दाखल झाला.

पंधरा दिवसांत दिराने विहिरीवर तिची मोट अडवली. विहीर सामाईक, आठवड्यातले तीन दिवस तिची पाळी, सासऱ्याच्या वेळेपासूनची. त्याने कागद दाखवला. इतर कोणतेही हक्क शिल्लक नाहीत. त्या उन्हाळ्यात तिची सगळी वांगी उभ्या जागी करपली.

ती रडत ऑफिसात आली तेव्हा साहेब कोर्टात होते आणि तू कार्बन आणायला गेला होतास. मी कागद काढून वाचला. अर्ध्या मिनिटात सगळं समजलं. मग मी काय केलं हे तुला ठाऊक आहे, पण ते मी आठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी वही उघडली आणि सतरा नंबरवरची पट्टी ओढून काढली. डिंक वाळलेला होता. पट्टीबरोबर खालच्या कागदाची सालही निघाली. जुनं वाक्य तरी वाचता येत होतं. पट्टी मी खिशात घातली.

साहेब आले. काकू दारात, तू मशीनपाशी, मी कपाटाला पाठ लावून.

"सतरा नंबर काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काकूच्या कागदात जे टाइप केलं तेच, साहेब. वहीत पट्टी होती."

साहेबांनी वही उघडली. "कुठाय पट्टी? इथं तर हक्क अबाधित आहेत. मग हे वाक्य तू कुठून आणलंस? काकाने सांगितलं का तुझ्या?"

तू वही हातात घेतलीस. सोललेल्या जागेवरून अंगठा फिरवलास. मग माझ्याकडे पाहिलंस आणि अगदी साध्या आवाजात, चहा झाला का विचारावं तसं विचारलंस, "वसंतराव, पट्टी होती ना?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

तीन शब्द. त्यांना वहीत नंबर नव्हता.

मी सबबी सांगणार नाही, एकच सांगतो, म्हणजे तिची किंमत कळेल. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. हे कारण मी स्वतःला आठ वर्षं दिलं. बहिणीचं लग्न पुढच्याच मार्गशीर्षात झालं. मग उरलेल्या सात वर्षांचं कारण काय? काही नाही. सवय.

साहेबांबद्दलही मला आज बोलायचं आहे. तेच वाक्य त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं, त्याच उन्हाळ्यात चार तडजोडींत त्याखाली सही केली होती. त्यांना आठवलं नसेल? मला नाही वाटत. पण चूक ऑफिसची म्हटली तर ऑफिसचं नाव जातं, आणि माळ्याची म्हटली तर कुणाचंच काही जात नाही. "शेवटी काकापुतण्या एक झाले," ते म्हणाले, आणि ऑफिसातल्या प्रत्येकाने मान हलवली. हीच गोष्ट माझ्याबद्दल कोणी बोललं असतं तर लोकांनी पुरावा मागितला असता. तुझ्याबद्दल कोणी काहीच मागितलं नाही. त्याचा संताप मला तेव्हाच यायला हवा होता. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

पण तू! तू का गप्प बसलास? तुझ्यावरही माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. मी खोटं बोललो हे तुला डोळ्यासमोर दिसलं. माझी कॉलर धरायची होतीस. खिसा तपासा म्हणायचं होतंस, पट्टी खिशातच होती. तू वही मिटलीस आणि काकूकडे वळून म्हणालास, "टाइप म्या केलं, काकू. म्या वाचाले पायजे होतं." ते तुझ्या वाटचं होतं, मान्य. पण त्याच्यासोबत माझ्या वाटचं तुला कोणी उचलायला सांगितलं होतं? तुझ्या मोठेपणाखाली मी आठ वर्षं दबून राहिलो, पुंडलिक. एक शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

काकूने तिथेच, ऑफिसच्या दारात मूठभर माती उचलून तुझ्या पायांवर टाकली. काय बोलली ते तू ऐकलंस. मीही ऐकलं. तू महिन्याभरात बायकोला घेऊन अकोल्याला गेलास. मी हेडक्लार्क झालो. कागद दुरुस्त करून मिळावा असा अर्ज आम्ही दिला होता, पण त्यात चूक कशी झाली हे लिहिलंच नव्हतं. तो कुठे टिकणार? नामंजूर झाला.

त्यानंतर मी तुला एकदाच पाहिलं. अकोल्याला एका साक्षीच्या कामाने आलो होतो. कोर्टाबाहेर टिनाच्या छपराखाली तू बसला होतास. समोर मूर्तिजापूरकडचा कोणी म्हातारा. तुझ्या मागे मी बराच वेळ उभा होतो. बोटं पूर्वीसारखीच भराभर चालत होती आणि मध्येच थांबली. तू कागद मशीनमधून काढलास, म्हाताऱ्याला जवळ बोलावलंस आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचू लागलास. म्हातारा कंटाळला. "अबे समजलं ना, लाव म्हनशीन तिथं अंगठा लावतो." तू म्हणालास, "समजलं तं मले सांगून दाखवा, आजोबा. मंग लावा." आणि त्याच्याकडून सगळं वदवून घेतलंस.

मग वळून पाहिलंस. दचकला नाहीस. "या वसंतराव. चा घेता?"

आपण चहा घेतला. ऊन फार आहे म्हणालो. यंदा संत्रं बरं आहे म्हणालो. तू म्हणालास, "आता वाचून वाचून हयूहयू टाइप करतो. गिऱ्हाईक दुसऱ्याकडं पयते. पन जाऊ द्या." मी तोंड उघडलं होतं, पुंडलिक. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तू कप खाली ठेवलास आणि विचारलंस, "काकूची मोट चालू झाली काय?" मी नाही म्हणालो. तू उठून मशीनवर बसलास. एवढीच आपली शेवटची भेट.

दहाव्याला मी अकोल्याला आलो. तुझ्या बायकोने, कमलने, मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र ती आत गेली आणि एक वही घेऊन आली. "ते म्हनत, अमरावतीचे वसंतराव आले तं दाखवजो." तिला बाकी काही ठाऊक नव्हतं. तू तिलाही सांगितलं नव्हतंस! तुझ्याच अक्षरातली नवी वही. एक नंबर, नऊ नंबर, पार बेचाळीसपर्यंत. सोळानंतर एक पान कोरं, मग अठरा. मी विचारलं. ती म्हणाली, "सतरा नंबरचं ते कधी बोटानं नाई करत. दरवेळेस इचारून, वाचून, नवं लिहीत."

मी ती वही मागितली नाही. तिथून निघालो आणि घरी न जाता काकूच्या गावाला जायला नांदगाव खंडेश्वरच्या मोटारीत बसलो.

यमुनाकाकू आता लोकांच्या वावरात निंदायला जाते. मी गेलो तेव्हा धुऱ्यावर बसून भाकर खात होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पट्टी, डिंक, न वाचलेला कागद, तीन शब्द. पट्टी पुढे धरली. आठ वर्षं ती माझ्या ट्रंकेत होती. फेकून देण्याचंही धाडस मला झालं नव्हतं. तिला वाचता येत नाही. तिने पट्टी उलटीसुलटी पाहिली आणि परत दिली.

मला वाटलं आता माती माझ्यावर पडेल. पडावी अशी इच्छा होती. तिने हातातला घास संपवला. मग म्हणाली, "म्या त्याले शाप देल्ला होता. तुमी होते ना तिथं?"

"होतो."

"त्यो लागला असन काय हो त्याले?"

पुंडलिक, मी नाही म्हणालो. असं काही नसतं, काकू, म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या प्रत्येक बोलण्याकडे आता कोणीही पाहावं. "तुमच्या 'नाई'ले काय खरं धराचं," ती म्हणाली. "तुमाले तं आठवत नसते."

मग भाकरीचं फडकं झटकून ती उठली. "हे समदं कागदावर लिवा. त्याच्या नावानं लिवा, त्याले सांगून राहिले असं. येत्या सोमवारी माळीपुऱ्यात समदे बसतात, तिथं वाचा. दिरासमोर. माहा अंगठा तुमी न वाचता घेतला. आता तुमी वाचा, मी आयकते. अन् मंग तुमचा अंगठा लावा."

"काकू, मला सही येते."

"माहीत हाय. सही नाई पायजे. अंगठा."

म्हणून हा कागद. यात एकही नंबर वापरलेला नाही. प्रत्येक शब्द हाताने लिहिला आहे, आणि काल रात्रीपासून तीन वेळा मोठ्याने वाचला आहे. तुला वाचू देत नव्हतो ना मी. आता मोज माझा वेग.

सोमवारनंतर तिची पाळी तिला मिळेल की नाही, मला माहीत नाही. नवा अर्ज मी केला आहे आणि त्यात चूक कोणाची हे पहिल्या ओळीत लिहिलं आहे. साहेबांनी तो वाचून मला घरी बसायला सांगितलं. ते ठीक आहे. तू विचारलं होतंस त्या दिवशी, पट्टी होती ना.

होती, पुंडलिक. मी लावली होती. मीच काढली.

खाली अंगठा माझा.